डॉ. रखमाबाई : दवाखाना आणि त्याचा उंबरठा

वडोदऱ्याच्या जुन्या मराठी घरांतून थोरामोठ्यांच्या गोष्टी निघाल्या म्हणजे त्या बहुधा राजवाड्याच्या, कचेरीच्या, आखाड्याच्या किंवा गाण्याबजावण्याच्या निघतात. कोणाचे पणजोबा खासगीत कारकून होते, कोणाचे आजोबा सयाजीराव महाराजांच्या शाळाखात्यात होते, कोणाच्या घरी कोणता खाँसाहेब उतरला होता, याच्या हकीकती आपण लहानपणापासून ऐकत आलो. डॉक्टरांच्या हकीकती त्या मानाने थोड्या, आणि बाईडॉक्टरांच्या तर मुळीच नाहीत म्हटले तरी चालेल. म्हणूनच आज ज्यांच्या चरित्राविषयी मी लिहिणार आहे, त्यांचे नाव आपल्या ओळखीचे असूनही त्यांचे काम आपल्या ओळखीचे नाही. त्या म्हणजे डॉक्टर रखमाबाई.

रखमाबाईंचे नाव निघाले की सुशिक्षित वाचकाला त्यांचा खटला आठवतो. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे त्यांनी नाकारले, त्यावरून मुंबईच्या हायकोर्टात दावा चालला, आणि साऱ्या हिंदुस्थानात व विलायतेत त्याची चर्चा झाली, एवढे आपल्याला ठाऊक असते. तो खटला चार वर्षे चालला. त्यानंतर त्यांनी डॉक्टर म्हणून जे काम केले ते सुमारे पस्तीस वर्षे चालले, आणि त्यातील मोठा भाग आपल्या शेजारच्या सुरतेत व पुढे राजकोटास गेला. चार वर्षांची कीर्ती पस्तीस वर्षांच्या कामावर अशी पसरली की ते काम झाकूनच गेले. मला मात्र अलीकडे त्या कामाचेच अधिक महत्त्व वाटू लागले आहे. त्याचे कारण पुढे येईल. आधी चरित्र पाहू.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. घराणे सुतार जातीचे. वडील जनार्दन पांडुरंग हे मुलगी अगदी लहान असतानाच वारले आणि आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. त्यांच्या जातीत पुनर्विवाहाची चाल होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले, आणि पहिल्या नवऱ्याकडून आलेली मिळकत मुलीच्या नावे करून दिली. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. अशा माणसाच्या घरी वाढण्याचा लाभ रखमाबाईंना झाला. घरात औषधांची, झाडपाल्याची, रोग्यांची बोलणी नित्य कानावर पडत. शाळेत त्या फार दिवस गेल्या नाहीत. घरच्या घरी वाचून, मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणवून त्यांनी इंग्रजी व मराठी शिक्षण आपले आपणच पुरे केले.

एवढ्या सुधारक घरातही मुलीचे लग्न मात्र त्या काळच्या रीतीप्रमाणेच झाले. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावण्यात आले. दादाजी हा सखाराम अर्जुन यांच्या नात्यातला, गरीब घरचा. त्याने सासऱ्याच्या देखरेखीखाली शिकून सवरून मार्गाला लागावे असा बेत होता. तो बेत फसला. दादाजीला शिक्षणाची गोडी लागली नाही, तो मामाच्या घरी राहू लागला, आणि त्याची प्रकृतीही ढासळली. रखमाबाई माहेरीच राहिल्या. वय वाढले, वाचन वाढले, आणि ज्या संसाराला आपण कधी होकार दिला नाही त्यात आपण जायचे नाही असा त्यांचा निश्चय झाला.

१८८४ साली दादाजीने बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. रखमाबाईंच्या बाजूने त्याची गरिबी, त्याची नादुरुस्त प्रकृती, राहण्याची धड सोय नसणे ही कारणे मांडण्यात आली. पण त्यांच्या मागे मुख्य कारण होते ते हे की हे लग्न त्यांच्या समजत्या वयातले नव्हते. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. असल्या दाव्याची कल्पनाच मुळी विलायती कायद्यातून आलेली, आणि तेथेही ती समजून उमजून लग्न केलेल्या प्रौढ माणसांसाठी होती, असा त्या निकालाचा रोख होता. या निकालाने मोठी खळबळ उडाली. सनातनी पक्ष खवळला, लोकमान्यांच्या केसरीनेही रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. उलट बेहरामजी मलबारींसारखे लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अपिलात निकाल फिरला, खटला पुन्हा चालला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे, न गेल्यास सहा महिन्यांची कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली.

या तारखेपाशी मी दर वेळी थांबतो. कारण बरोबर सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉक्टर आनंदीबाई जोशी क्षयाने वारल्या होत्या. आनंदीबाई रखमाबाईंहून चारच महिन्यांनी लहान. त्यांचा पहिला मुलगा जन्मल्यावर दहा दिवसांत गेला, आणि बायकांना बाईडॉक्टरच हवी या ध्यासाने त्या अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून १८८६ साली पदवी घेऊन परत आल्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या रुग्णालयातील बायकांच्या विभागाचे काम त्यांच्यासाठी राखून ठेवले होते. त्या कामावर रुजू होण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. हिंदू समाजातील एक डॉक्टरीण अशी बाविसाव्या वर्षाच्या आतच काळाने नेली, आणि त्याच आठवड्यात दुसरीला तुरुंगाची शिक्षा फर्मावली गेली. पुढे ही दुसरी डॉक्टर होईल हे त्या दिवशी कोणाला ठाऊक होते?

तुरुंगाची वेळ आली नाही. १८८८ च्या जुलैत तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. या खटल्याच्या धामधुमीचा परिणाम पुढे संमतिवयाच्या कायद्यावर झाला. १८९१ च्या त्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्यात आले. आज हे आकडे वाचून आपल्याला शहारा येतो, पण त्या वेळी एवढ्यावरही धर्म बुडाल्याची हाकाटी झाली होती. रखमाबाईंनी खटला चालू असताना हिंदू स्त्री या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहिली होती. बालविवाहामुळे मुलीचे शिक्षण, शरीर आणि मन ही तिन्ही कशी खुडली जातात हा त्या पत्रांचा विषय. शरीराचा विचार त्यांच्या मनात डॉक्टर होण्याच्या आधीपासून होता असे यावरून दिसते.

मुंबईत तेव्हा कामा रुग्णालय नुकतेच सुरू झाले होते आणि तेथे एडिथ पेची या इंग्रज डॉक्टर होत्या. एडिंबरो विद्यापीठात स्त्रियांना वैद्यकी शिकू द्यावी म्हणून ज्या सात जणी झगडल्या, त्यांतल्या या एक. त्यांनी रखमाबाईंना वैद्यकीकडे वळण्यास उत्तेजन दिले आणि पैसा उभा करण्यास मदत केली. इंदूरच्या शिवाजीराव होळकर महाराजांनीही पाचशे रुपये दिल्याची नोंद आहे. ज्या बाईच्या नावाने मोठमोठे विद्वान नाके मुरडीत होते, तिच्या शिक्षणाला एका मराठी संस्थानिकाने उघडपणे हातभार लावावा, ही गोष्ट आपल्यासारख्या संस्थानी मराठी माणसांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. १८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या. तेथे मॅक्लॅरेन दांपत्याने त्यांना आसरा दिला. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात आणि रॉयल फ्री रुग्णालयात शिकून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढल्या वर्षी सुरतेस बायकांच्या रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून आल्या.

आता सुरतेची ती वर्षे डोळ्यांसमोर आणायची तर त्या काळच्या बाळंतिणीच्या खोलीत शिरले पाहिजे. आपल्या घरांतून त्या खोलीच्या खुणा फार उशिरापर्यंत राहिल्या. माझ्या आजीची सात बाळंतपणे दांडिया बाजारातल्या वाड्यात मागच्या अंधाऱ्या खोलीत झाली. त्यांतली चार मुले जगली. खोलीला एकच झरोका, तोही वारा लागू नये म्हणून गोणपाटाने बंद केलेला. बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, दाराशी निखारे. अंथरायला घरातली जुनीपानी लुगडी, कारण सोयरातले कापड पुढे टाकूनच द्यायचे, मग नवे कशाला वाया घालवा? सुईण अनुभवी असे, प्रेमळही असे, पण नाळ कापायला जे हाताशी असेल ते घेई. एक मूल सातव्या-आठव्या दिवशी अंग ताठ होऊन गेले. घरात त्याला सटवीचा कोप म्हणत. तो धनुर्वात होता, आणि तो न उकळलेल्या हत्यारावाटे नाळेतून शिरतो, हे मला पुढे वाचून समजले. आजीला ते कोणी कधी सांगितले नाही.

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ सालीच दाखवून दिले होते की डॉक्टरांनी हात नीट धुतले तर बाळंतरोगाने मरणाऱ्या बायकांची संख्या झपाट्याने उतरते. लिस्टरने १८६७ साली शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा उपयोग मांडला. म्हणजे रखमाबाई सुरतेस आल्या तेव्हा बाळ-बाळंतीण वाचवण्याची निम्मी विद्या जगाला ठाऊक झालेली होती. गरम पाणी, साबण, उकळलेली कात्री, स्वच्छ कापड, उजेड आणि हवा, एवढ्याने पुष्कळ जीव वाचणार होते. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी निघाला होता, ठिकठिकाणी बायकांचे दवाखाने उभे राहत होते. आपल्या वडोदऱ्याचे आजचे सयाजी रुग्णालयही आरंभी त्याच बाईंच्या नावाने ओळखले जाई. विद्या होती, इमारती होत होत्या, पैसा थोडाबहुत होता. तरी बायका येत नव्हत्या.

का येत नव्हत्या? याचे सोपे उत्तर त्या काळीही तयार होते आणि आजही आहे. अडाणी होत्या, अंधश्रद्ध होत्या, आपल्या प्रकृतीची त्यांना पर्वा नव्हती. सकाळी कमाटीबागेत फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळीत हा विषय वारंवार निघतो. प्रकृती ज्याची त्याने सांभाळावी, वेळेवर तपासून घ्यावे, जिभेला आवर घालावा, आणि एवढे करूनही जो करीत नाही त्याच्या आजारपणाची तक्रार दुसऱ्याने का ऐकावी, असे आमच्यातले पुष्कळ जण म्हणतात. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मी स्वतः रोज चार फेऱ्या मारतो, गोड कमी केले आहे, आणि त्याचा गुण आला आहे. परंतु रखमाबाईंची सुरतेतली वर्षे वाचल्यापासून हे बोलणे मला अपुरे वाटू लागले आहे.

त्या काळच्या एखाद्या सुनेचाच विचार करा. पोटात दुखते आहे हे तिला कळत नव्हते असे नाही. दुखणे तिचेच होते. पण ते बोलायचे कोणाजवळ? सासूजवळ बोलावे तर कामचुकार ठरायचे. नवऱ्याजवळ दिवसा बोलण्याची सोय नाही. पुरुष डॉक्टरपुढे जाणे दोन्ही घरांना लाज आणणारे. दवाखान्यापर्यंत जायचे तर टांगा हवा, पडदा हवा, सोबत हवी, मागे चुलीशी कोणी हवे, आणि या सगळ्याला घरच्या कर्त्या माणसाची परवानगी हवी. तेथे कोणत्या जातीची माणसे हात लावतील, पाणी कोण देईल ही धास्ती निराळी. शिवाय दवाखान्यात माणूस नेतात ते शेवटच्या घटकेला, म्हणून तेथे गेलेले माणूस परत येत नाही हा अनुभवही खोटा नव्हता. उशिरा आणल्यामुळे रोगी मरत, आणि मरतात म्हणून लोक उशिरा आणीत. अशा फेऱ्यात सापडलेल्या बाईला प्रकृतीची जबाबदारी तुझी आहे असे सांगणे म्हणजे विहिरीत पडलेल्याला पोहण्याचे फायदे सांगण्यासारखे आहे.

रखमाबाईंना हे कोणी समजावून सांगायला नको होते. आपल्या शरीराचा निर्णय आपल्या हाती ठेवण्यासाठी बाईला कोणती किंमत द्यावी लागते, हे हिंदुस्थानात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही त्यांना हाताशी मिळकत होती, डॉक्टर सावत्र वडिलांची शिकवण होती, पाठीराखे होते. १८८५ साली सखाराम अर्जुन वारले, पण त्यांनी दिलेले वळण राहिले. रोगी बायकांपाशी यातले काहीच नव्हते. तेव्हा मी करून दाखवले तसे तुम्हीही करा असा उपदेश त्यांनी केला असता तर तो दिसायला तेजस्वी दिसला असता आणि फुकट गेला असता.

त्यांनी काय केले याची एक हकीकत सांगितली जाते. सुरतेच्या बायका बाळंतपणासाठी दवाखान्यात पाऊल ठेवीनात. अशात दवाखान्याजवळ एक गाभण मेंढी अडली. रखमाबाईंनी तिला आत आणवून तिची सुटका केली, कोकरू व मेंढी दोन्ही सुखरूप राहिली, आणि ही वार्ता आसपासच्या बायकांत पसरल्यावर मग त्या हळूहळू येऊ लागल्या. हकीकत घडली तशीच सांगितली जाते की तोंडोतोंडी थोडी रंगली आहे, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. ती लोकांच्या आठवणीत का राहिली हे पाहण्यासारखे आहे. व्याख्यानाने जे झाले नसते ते एका मुक्या जिवाच्या सुटकेने झाले, असे लोकांना वाटले म्हणून ती राहिली. बायकांना माहिती हवी होती त्याआधी भरवसा हवा होता.

भरवसा किती महत्त्वाचा याचा पडताळा लगेच आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उमटला आणि पुढल्या वर्षी गुजरातेतही पसरला. सरकारने रोग्यांना हुडकून वेगळे काढण्याचा सपाटा लावला. हेतू वाईट होता असे नाही. पण पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले, देवघर-माजघर पाहिले नाही, बायकांची अब्रू सांभाळली नाही, आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबाच्या वधात झाला, हे आपण शाळेपासून वाचत आलो. त्या धुमश्चक्रीत लोक रोगी लपवीत, प्रेते लपवीत. लपवल्याने रोग अधिक पसरे. रखमाबाई प्लेगाच्या त्या सालांत सुरतेतच होत्या. रोग्याच्या अंगाला हात लावणारे माणूस आपल्यातले आहे, बाईमाणूस आहे, आपली भाषा समजणारे आहे, एवढ्याने किती गाठी सुटतात हे अशा वेळी कळते. पुढे संवत १९५६ चा छप्पनिया दुष्काळ आला. आपल्या घरांतून छप्पनियाच्या नुसत्या नावाने म्हातारी माणसे हात जोडीत. अन्नान्नदशा झालेल्या माणसाला पथ्य काय सांगणार?

सुरतेत त्यांनी वीस-बावीस वर्षे काढली. या काळात १९०४ साली दोन गोष्टी घडल्या. आपल्या सयाजीराव महाराजांनी वडोदरा राज्यात बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. अकराव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या रखमाबाईंना शेजारच्या राज्यातली ही बातमी वाचून काय वाटले असेल याची कल्पना करावी. त्याच वर्षी दादाजी वारला. ज्या नवऱ्याला त्यांनी भर कोर्टात नवरा म्हणून मानले नव्हते, त्याच्या मृत्यूनंतर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली आणि ते अखेरपर्यंत ठेवले. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. हा विरोधाभास अनेकांना कोड्यात टाकतो. मला त्याचा उलगडा त्यांच्या दवाखान्यात सापडतो असे वाटते. ज्या बायकांना दारापर्यंत आणायला इतकी वर्षे खर्ची घातली, त्यांच्या डोळ्यांना आपली डॉक्टरीण परकी वाटू नये, एवढा विचार त्या पांढऱ्या लुगड्यामागे असावा. हे माझे अनुमान आहे. वाचकांनी हवे तर सोडून द्यावे.

१९१७-१८ च्या सुमारास स्त्रियांच्या अखिल भारतीय वैद्यकीय सेवेत येण्याचे बोलावणे त्यांना होते. ते न स्वीकारता त्या राजकोटास रसूलखानजी जनाना रुग्णालयात गेल्या. काठेवाडातली ती छोटी छोटी संस्थाने, प्रत्येकाचा दरबार वेगळा, प्रत्येकाचा जनाना वेगळा, पडदा मात्र सगळीकडे सारखा. तेथे त्यांनी आणखी सुमारे बारा वर्षे काम केले. सारे आयुष्य पडद्याआडच्या दुखण्यांत घालवल्यावर १९२९ साली त्यांनी पडदा नाहीसा झाला पाहिजे असे प्रतिपादन करणारी पुस्तिका लिहिली. या क्रमाकडे माझे विशेष लक्ष जाते. आधी पस्तीस वर्षे पडद्याच्या आत जाऊन त्यांनी औषध दिले, आणि मग पडदा काढा असे म्हटले. ज्या दिवशी त्या सुरतेस आल्या त्या दिवशीच पडद्यावर व्याख्याने देण्याचा अधिकार त्यांना कोणापेक्षा कमी नव्हता. पण पहिल्याच दिवशी पडदा टाकून या, मग तपासते, असे म्हटले असते तर तपासायला कोण आले असते?

निवृत्तीनंतर त्या मुंबईस राहिल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारल्या. त्यांचा जन्म झाला तेव्हा हिंदुस्थानात वैद्यकीची पदवी घेतलेली एकही हिंदू स्त्री नव्हती. त्या वारल्या त्या वर्षी हिंदू विवाहाचा नवा कायदा झाला आणि त्यात लग्नाच्या किमान वयाची अट होती. एवढे अंतर एका आयुष्यात कापले गेले.

आता मी आरंभी राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. रखमाबाईंच्या काळापेक्षा आपली परिस्थिती कितीतरी सुधारली आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरांतील ८९ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले. २०१८ ते २०२० या वर्षांच्या सरकारी नोंदींत लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचे मृत्यू आहेत. हा आकडा अजूनही समाधानाचा नाही, पण तो पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली आला आहे. हे उपदेशाने झाले नाही. २००५ पासून दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला सरकारने रोख मदत दिली, गावोगावी आशाताई नेमल्या, न्यायला गाडी दिली. म्हणजे उंबरठा उतरवला, तेव्हा बायका आत आल्या. याच पाहणीत दुसराही एक आकडा आहे. पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर बायकांत ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. बाळंतपणापुरता दवाखाना आणि एरवी सगळ्यांच्या मागून उरलेसुरले जेवण, असा याचा अर्थ होतो.

आपल्या जुन्या घरांतून हा अर्थ कोणाला नवा वाटणार नाही. गृहस्थाचा रक्तदाब महिन्याला तपासला जातो, त्याच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावून ठेवणारी गृहिणी स्वतःचे गुडघे आणि स्वतःची चक्कर दिवाळीनंतर पाहू म्हणून पुढे ढकलते. तिला कळत नाही असे आपण म्हणतो. तिच्याऐवजी स्वयंपाकाला उभे राहायला कोणी तयार असते का, हे मात्र आपण विचारीत नाही. आणि तिच्याही पलीकडे आपल्याकडे धुण्याभांड्याला येणारी मावशी असते. तिने सरकारी दवाखान्यात नंबर लावायचा तर अर्धा दिवस मोडतो आणि तीन घरांची कामे बुडतात. त्या तीन घरांतल्या किती घरी तिचा तो दिवस पगारी धरला जातो? प्रकृतीची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी हे मान्य. पण ती घ्यायला लागणारा वेळ, पैसा आणि परवानगी दुसऱ्याच्या हाती असेल, तर जबाबदारीचा तेवढा वाटा त्या दुसऱ्याचाही झाला.

रखमाबाईंच्या आयुष्यात या दोन्ही बाजू एका ठिकाणी आल्या म्हणून मला ते चरित्र मोलाचे वाटते. स्वतःपुरता प्रश्न आला तेव्हा त्यांनी कोणावर भार टाकला नाही, तुरुंगात जाण्याची तयारी ठेवली. दुसऱ्यांचा प्रश्न आला तेव्हा मात्र तेवढ्या धैर्याची अपेक्षा त्यांनी कोणाकडून केली नाही. ज्या बाईला तुरुंगाचे दार उघडे दिसत असताना हलता आले नाही, तिच्यासाठी त्या दवाखान्याचे दार उघडे ठेवून पस्तीस वर्षे बसून राहिल्या. आपल्यापैकी बहुतेकांवर कोर्टात उभे राहण्याची पाळी येणार नाही. मावशीला दवाखान्यासाठी एक दिवसाची पगारी रजा देण्याची पाळी मात्र येत्या सोमवारीही येऊ शकते.